रेडिओवाले रामसे

आपण मराठीचे विद्यार्थी. त्यामुळे विश्राम बेडेकर आपल्याला भेटतात ते 'रणांगण'चे लेखक म्हणून. १९३९ सालची छोटीशी कादंबरी. युरोपातून जीव वाचवून पळालेले ज्यू निर्वासित एका बोटीवर आहेत आणि त्याच बोटीवर एक मराठी तरुण आहे. परीक्षेपुरतं एवढं आपल्याला पाठ असतं. पुढे 'एक झाड आणि दोन पक्षी' या आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हेही आपण लिहितो आणि मार्क घेतो. पण बेडेकर सिनेमाचे दिग्दर्शकही होते. त्यांनी १९६३ साली 'रुस्तम सोहराब' आणि १९७० साली 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' असे दोन हिंदी सिनेमे केले. दोन्हीचा निर्माता एकच माणूस होता, एफ. यू. रामसे. यातला दुसरा सिनेमा पडला, आणि तो पडला म्हणूनच हिंदीत स्वस्तातल्या भयपटांची परंपरा सुरू झाली. मराठी साहित्याच्या इतक्या जवळून ही वाट जाते, म्हणून या अंकासाठी मी रामसे यांचं चरित्र निवडलं.

रामसे हे नाव आपल्याकडे जवळजवळ शिवीसारखं वापरतात. कोणाचा मेकअप बिघडला, नाटकात धूर जास्त झाला, स्नेहसंमेलनात भूत दोरीत अडकून पडलं, की लगेच कोणीतरी म्हणतंच की हे अगदी रामसे टाइप झालं. बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतात ते तुलसी आणि श्याम, म्हणजे रामसे बंधू. त्यांच्या मागे त्यांचा बाप होता, हे फार थोड्यांना माहीत असतं.

बापाचं खरं नाव फतेहचंद रामसिंघानी. सिंधी माणूस. फाळणीआधीच्या कराचीत त्यांचं रेडिओचं दुकान होतं. दुकानात इंग्रज गिऱ्हाइकं यायची आणि रामसिंघानी हा उच्चार त्यांच्या तोंडी काही केल्या बसायचा नाही. तेव्हा त्यांनी आपल्या सोयीने त्याचं रामसे केलं, अशी घरात चालत आलेली गोष्ट आहे. आपल्याकडे गोव्यात नावं कशी बदलली हे मी वेगळं सांगायला नको. पोर्तुगीजांच्या काळात इथल्या घराण्यांची आडनावं चर्चच्या वहीत नव्याने लिहिली गेली. माझं स्वतःचं आडनावही तसंच आलेलं आहे. फरक इतकाच की रामसिंघानींनी गिऱ्हाइकाने दिलेलं नाव स्वतःहून दुकानावर घेतलं आणि पुढे ते मुलांनाही दिलं. व्यापारी माणसाचा व्यवहार म्हणून याकडे पाहिलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गिऱ्हाइकाच्या लक्षात राहील ते नाव खरं.

१९४७ साली कराची सुटली. कुटुंब मुंबईला आलं आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा रेडिओचं दुकान उभं राहिलं. लॅमिंग्टन रोड म्हणजे एका बाजूला विजेच्या सामानाची दुकानं आणि दुसऱ्या बाजूला सिनेमाची थिएटरं आणि वितरकांची ऑफिसं. रेडिओ विकणाऱ्या माणसाला सिनेमाचा वास लागायला याहून योग्य रस्ता मुंबईत नसेल. घरात सात मुलगे मोठे होत होते: कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू आणि अर्जुन. दुकान चालत होतं. पण सात जणांना पुरेल एवढं दुकान कोणाचंच नसतं.

रामसेंनी सिनेमात पैसा घातला तो भुताखेतांसाठी नव्हे. १९५४ साली त्यांनी 'शहीद-ए-आझम भगतसिंग' काढला. मग 'रुस्तम सोहराब'. फिरदौसीच्या 'शाहनामा'मधली ही कथा आहे. रुस्तम हा थोर योद्धा रणांगणावर समोरच्या तरुणाला मारतो आणि मग त्याला कळतं की तो आपलाच मुलगा होता. पृथ्वीराज कपूर, प्रेमनाथ, सुरैया अशी मोठी नावं होती, संगीत सज्जाद हुसेन यांचं होतं. सुरैयाचा हा शेवटचा सिनेमा. चिलखतं, घोडे, तंबू, शेकडो माणसं असा सगळा थाट. असल्या सिनेमात पैसा आधी जातो आणि परत येईल की नाही ते देवाला ठाऊक.

त्यानंतर आला 'एक नन्ही मुन्नी लड़की थी'. पुन्हा बेडेकर, पुन्हा पृथ्वीराज कपूर, सोबत मुमताज. सिनेमा चालला नाही. पण त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराजांचं पात्र भयानक मुखवटा आणि जाड पोशाख चढवून संग्रहालयात चोरी करायला शिरतं. गोळ्या झाडल्या तरी ते पडत नाही, पुढे येतच राहतं. तुलसी आणि श्याम थिएटरात जाऊन बसायचे. त्यांच्या लक्षात आलं की लोक तेवढ्या प्रसंगासाठी येतात, घाबरतात, खूश होतात, आणि तो संपला की उठून जातात. मुलांनी घरी येऊन बापाला सांगितलं की आपण सबंध सिनेमाच असा करू.

माझ्या मते रामसेंच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट इथे आहे. नुकताच पैसा बुडालेला. वय झालेलं. दुकान आहे, तेवढं सांभाळून गप्प बसणं शहाणपणाचं. समोर पंचविशीतली पोरं म्हणतात की मोठे नट नकोत, सेट नकोत, आणि दिग्दर्शकही बाहेरचा नको, आम्हीच करतो. दहातल्या नऊ घरांत अशा वेळी बाप काय करतो ते आपल्याला माहीत आहे. बारावीनंतर आर्ट्स घेतो म्हटल्यावर आपल्यातल्या कितीजणांच्या घरी काय झालं ते आठवून पाहा. रामसेंनी ऐकून घेतलं. मुलाला न ओळखणाऱ्या बापाच्या गोष्टीवर ज्याने भरपूर पैसा घातला होता, त्याने स्वतःची मुलं मात्र वेळेवर ओळखली.

पण ऐकून घेतलं म्हणजे लाड केले असं नाही. आधी शिका, ही त्यांची अट होती. मुलांना घेऊन ते काश्मीरला गेले आणि हाउसबोटीत राहून सगळ्यांनी मिळून सिनेमा शिकायला घेतला. पाठ्यपुस्तक होतं जोसेफ मास्चेली या अमेरिकन छायालेखकाचं. १९६५ साली निघालेलं हे पुस्तक सिनेमाचं तंत्र पाच गोष्टींत सांगतं: कॅमेऱ्याचा कोन, दृश्यांची सलगता, संकलन, क्लोजअप आणि चौकटीची रचना. फिल्म इन्स्टिट्यूट नाही, गुरू नाही. एक पुस्तक, एक कॅमेरा आणि सात भाऊ. मग कामं वाटून दिली. कुमारने लिहायचं, गंगूने कॅमेरा धरायचा, किरणने आवाज सांभाळायचा, अर्जुनने संकलन करायचं, केशूने कॅमेऱ्याबरोबर निर्मितीचा भार उचलायचा, आणि तुलसी आणि श्यामने दिग्दर्शन करायचं. दुकानात एकाने गल्ल्यावर बसायचं, एकाने माल आणायचा, एकाने दुरुस्ती करायची, तशीच ही वाटणी. बाहेरच्या माणसाला पगार देण्याची वेळच येऊ नये, हा त्यातला हिशेब.

पहिला सिनेमा 'दो गज़ ज़मीन के नीचे', १९७२ सालचा. बायको आणि तिचा प्रियकर मिळून श्रीमंत नवऱ्याचा काटा काढतात, त्याला पुरतात, आणि पुरलेला माणूस थडग्यातून उठून येतो. चित्रीकरण महाबळेश्वरला झालं. तिथे सेट लावायची गरजच नव्हती. जुने बंगले, दाट झाडी आणि धुकं सगळं तयार होतं. थोडीच माणसं सोबत नेली. घरातल्या बायका तिथे सगळ्यांसाठी स्वयंपाक करायच्या. कपडे शक्यतो ज्याचे त्याचे. सुमारे चाळीस दिवसांत काम उरकलं आणि खर्च साडेतीन लाखांच्या आसपास आला, असं सांगतात. 'रुस्तम सोहराब'च्या चिलखतांशी तुलना केली की यातली काटकसर कळते. सिनेमा चालला. घर वाचलं.

हे वाचताना मला आमच्या पेडण्यातली दशावतारी मंडळी आठवत राहिली. जत्रेला दहीकाल्याच्या रात्री कंपनी येते ती एक पेटारा आणि मोजकी माणसं घेऊन. लिहिलेली संहिता नसते. रंग ज्याचा त्याने लावायचा. स्त्रीपार्टही पुरुषच करतात. देवळासमोर एक बाक ठेवला की तोच सिंहासन, तोच पर्वत. काळा झगा घातलेला, लाल जीभ काढलेला संकासुर आला की पुढे बसलेली पोरं आईच्या पदरामागे जातात, आणि दोन मिनिटांनी तीच पोरं त्याला हसत असतात. आम्ही ख्रिश्चनांची पोरंही त्यात असायचो. फादरना ते माहीत होतं आणि त्यांनी कधी हरकत घेतली नाही. भीती दाखवायला पैसा लागत नाही, अंधार आणि वेळ साधता आली पाहिजे, हे पेडणे महालात कोणालाही पुस्तकातून शिकावं लागत नाही. रामसेंना ते काश्मीरला जाऊन शिकावं लागलं, एवढंच.

असाच प्रकार इंग्लंडमध्ये थोडा आधी घडला होता. तिथल्या हॅमर कंपनीचं नाव सिनेमाची आवड असणाऱ्यांना माहीत असेल. १९३४ साली ती काढणारा विल्यम हाइंड्स मूळचा दागिन्यांचा व्यापारी. हौसेने रंगमंचावर जायचा तेव्हा विल हॅमर असं नाव लावायचा, तेच कंपनीला मिळालं. त्याचा भागीदार एन्रिके कारेरास स्पेनमधून आलेला, थिएटरं चालवणारा. पुढे दोघांची मुलं धंद्यात आली. म्हणजे तिथेही दुकानदार, तिथेही बदललेलं नाव, तिथेही बाप आणि मुलगे. स्टुडिओ परवडेना म्हणून त्यांनी थेम्स नदीकाठी ब्रे इथला एक जुना वाडा घेतला आणि त्याच्याच खोल्या, जिने, आवार फिरवून फिरवून वापरलं. १९५७ साली 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' आणि १९५८ साली 'ड्रॅक्युला' आला, दोन्हींत पीटर कुशिंग आणि क्रिस्टोफर ली. १९६६ साली तर त्यांनी एकाच गावाच्या सेटवर लागोपाठ दोन सिनेमे उरकले, एक प्रेतांचा आणि एक सर्पस्त्रीचा. समीक्षकांनी नाकं मुरडली. पण १९६८ साली परदेशातून पैसा आणल्याबद्दल राणीच्या नावाचा उद्योग पुरस्कार याच कंपनीला मिळाला. आपल्याकडे रामसेंना असा सरकारी सन्मान कोणी दिल्याचं ऐकलेलं नाही.

हॅमरचा 'ड्रॅक्युला' मी पाहिला आहे. शेवटी कुशिंगचं पात्र टेबलावरच्या दोन मेणबत्तीदाण्या उचलतं, एकावर एक आडव्या धरतं आणि त्यांचा क्रूस करतं. ड्रॅक्युला मागे हटतो आणि उन्हात सापडतो. कॅथलिक घरात वाढल्यामुळे तो क्षण मला जास्तच भिडला. क्रूस चर्चमधून आणलेला नव्हता, कोणी त्याला आशीर्वाद दिलेला नव्हता. हाताशी होत्या त्या दोन वस्तू. 'पुराना मंदिर'मध्ये तेच काम त्रिशूळ करतो. एकाच गावात कपेल आणि देऊळ दोन्हीसमोर थांबून पुढे जाणाऱ्या आपल्या लोकांना यात विचित्र काही वाटणार नाही. डिचोली तालुक्यात आमोण्याला बेताळ आहे. बाकी मुलखात वेताळ म्हणजे भुतांचा राजा, आपल्याकडे तो गावाची राखण करणारा देव. रात्री फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून भक्त त्याला नव्या वहाणा वाहतात. भीतीशी आपलं नातं असं घरगुती आहे.

'पुराना मंदिर' १९८४ सालचा. त्याआधी 'दरवाज़ा', 'गेस्ट हाउस', 'दहशत', 'होटल' असे सिनेमे येऊन गेले होते. पण खरं नाव झालं ते 'पुराना मंदिर'ने. सामरी नावाच्या सैतानाचं डोकं उडवून एका पेटीत बंद केलेलं आहे आणि धड दुसरीकडे पुरलेलं आहे. मरताना त्याने राजाला शाप दिलाय की तुझ्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल शिक्षणाने स्थापत्य अभियंता. त्यांची उंची आणि चेहरा यांवर अर्धा सिनेमा उभा आहे. आपले सदाशिव अमरापूरकर आणि ललिता पवारही त्यात आहेत. त्या वर्षीच्या गाजलेल्या सिनेमांत त्याची गणना होते. मोठ्या शहरांतल्या मोठ्या थिएटरांपेक्षा तालुक्याच्या गावांत, रात्रीच्या खेळांना रामसेंचा प्रेक्षक होता, आणि वितरकांना ते नीट माहीत होतं.

आता त्या शापाकडे बघा. बाळंतपणात मेलेली बाई अळवंतीण होते, ही कोकणातली जुनी समजूत. दवाखाना लांब, पावसात नदीला पूर, वेळेला होडी नाही, अशा मुलखात बाळंतपणाची भीती काही कल्पनेतली नव्हती. ती भीती भुताच्या रूपात सांगितली जायची. सामरीच्या शापाला गावोगावचा प्रेक्षक का घाबरला, याचं उत्तर मला इथे सापडतं. इंग्रजी सिनेमावरून उचललंय असं म्हणून आपण मोकळे होतो. मुखवटा तिकडून घेता येतो, पण थिएटरात बसलेल्या बाईच्या पोटात गोळा येतो तो तिकडून आणता येत नाही.

याचा अर्थ रामसेंचं सगळं चांगलंच आहे असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या सिनेमात बाईला घाबरवायच्या आधी तिला आंघोळ करायला लावतात. मध्येच येणारे विनोदी प्रसंग आज बघवत नाहीत. आणि वेगळा चेहरा म्हणजेच वाईट माणूस हे समीकरण त्यांनी पोरांच्या डोक्यात पक्कं केलं, हा दोष मला मोठा वाटतो. जो चेहरा जन्माने मिळतो त्याची भीती विकणं सोपं असतं. हॅमरनेही हेच केलं, पण म्हणून रामसे सुटत नाहीत. ज्याने तिकिटाचा विचार आधी केला, त्याच्या कामात या गोष्टी राहणारच, असं म्हणून मी हे सोडून देणार नाही. ते समोर ठेवूनच त्यांचं चरित्र लिहायला हवं.

स्वतः एफ. यू. रामसे पडद्याच्या पुढे कधी आले नाहीत. पोस्टरवर नाव असायचं, चेहरा नाही. पैसा कुठून येतो, कुठे जातो, पुढचा सिनेमा कोणता, कोणत्या मुलाचं कोणाशी पटत नाही, हे सगळं त्यांच्यापाशी यायचं. 'पुराना मंदिर'चं यश त्यांनी पाहिलं. ऐंशीचं दशक संपता संपता ते गेले. त्यानंतर सात जणांचा एकच गल्ला फार काळ टिकला नाही, हळूहळू ज्याची त्याची वाट वेगळी झाली. १९९० सालच्या 'बंद दरवाज़ा'त ड्रॅक्युलासारखा रक्तपिपासू आला. १९९३ पासून टीव्हीवर 'झी हॉरर शो' सुरू झाला आणि ज्यांना थिएटरात सोडलं जात नव्हतं ती आपल्या आईबाबांची पिढी घरबसल्या गोधडीतून घाबरू लागली. तुलसी २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली. वर्तमानपत्रांनी दोघांवर लिहिलं. बापाचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एका ओळीत होता.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. रामसेंच्या सिनेमात पुन्हा पुन्हा एक जुना वाडा असतो. कधी महाबळेश्वरचा बंगला, काही सिनेमांत मुरूडचा नवाबाचा राजवाडा. माणसं तो सोडून गेलेली असतात, पण आत कोणीतरी राहिलेलं असतं, आणि परत येणाऱ्याला त्याचा जुना हिशेब चुकवावा लागतो. हे सिनेमे ज्याच्या पैशावर उभे राहिले तो माणूस १९४७ साली आपलं घर, दुकान कराचीत टाकून आला होता. तो परत जाऊ शकला नाही. त्याने हे मुद्दाम केलं असेल असं मी म्हणणार नाही. मुलांनी लिहिलं, गिऱ्हाइकाला आवडलं, म्हणून पुन्हा केलं, एवढंच असेल. पण ज्या लेखकाने निर्वासितांच्या बोटीवर मराठीतली एवढी मोठी कादंबरी लिहिली, त्याला या निर्वासित दुकानदाराने दोनदा आपला दिग्दर्शक म्हणून घेतलं. आपल्या अभ्यासक्रमात बेडेकर शिकवताना हे कुठे येत नाही, आणि भयपटांवर लिहिणाऱ्यांना बहुधा 'रणांगण' माहीत नसतं.

आपल्या मंडळात दोन्हीकडची माणसं आहेत. या वर्षी एखाद्या शुक्रवारी 'रणांगण'वर चर्चा ठेवली, तर तिच्यानंतर 'पुराना मंदिर' लावायला मला आवडेल. फक्त परीक्षा संपल्यावर. आणि बाथटबचे प्रसंग पुढे ढकलून.